नर्सबाई थेट नळाचं पितात

पेल्याच्या तळाशी काहीतरी होतं. गाळ म्हणावा तर गाळ नव्हता, नुसती एक फिकट पिवळी झाक… की खिडकीतलं ऊनच पेल्यात उतरलं होतं? तिनं पेला सावलीत नेऊन पाहिला. सावलीत पाणी पाण्यासारखंच दिसत होतं, म्हणजे काहीच कळत नव्हतं. ओट्यावर पाणी उकळायचं मोठं पातेलं पालथं पडलेलं, कोरडं ठणठणीत, आणि सासूबाई छकुलीची शाळेची बाटली भरत होत्या.

"आई, उकळलंय ना पाणी?"

"उकळलंय की," वळूनसुद्धा न बघता सासूबाई म्हणाल्या.

वळून बघितलं नाही. माणूस खरं बोलत असला की वळून बघतो… की खोटं बोलत असला की बघतो, मुद्दाम, डोळ्याला डोळा भिडवून? आणि पातेलं कोरडं कसं? धुऊन पुसून ठेवलं असेल. पण सासूबाई आणि पातेलं पुसणार? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या बाईनं कधी चमचा पुसून ठेवलेला पाहिला नाही. मनात पाल चुकचुकली. पण दुसऱ्यांदा विचारावं तर "माझ्यावर विश्वास नाही का?" सुरू होणार, मग संध्याकाळी बाहेरगावी नोकरीला असलेल्या लेकाला फोन, मग त्याचा हिला फोन… नकोच ते. छकुलीनं बाटली दप्तरात कोंबली आणि पळाली. तिनं पेला मोरीत ओतला आणि कामाला निघाली.

घरी तिनं सांगून ठेवलं होतं, तक्रार विभागात आहे, लोकांच्या तक्रारी बघते. तसं खोटं नव्हतं ते. तक्रारी बघतच होती की! फक्त त्या सोडवायच्या नसत, गाडायच्या असत. सरकारचं काम, मधल्या एका कंपनीमार्फत. चपलांच्या दुकानाच्या वरचा मजला, कायम ओढलेले पडदे, आणि प्रत्येकीच्या टेबलावर फोनांची रांग. एकेका फोनमध्ये एकेक माणूस राहायचा, खोट्या नावाचा, खोट्या खात्याचा. तिच्या वाट्याला एक निवृत्त मास्तर होता, एक तापट कॉलेजकुमार होता, आणि होत्या नर्सबाई.

नर्सबाईंवर तिचा जीव होता, खोटं कशाला बोला. पांढरे केस, चष्मा, कुठल्यातरी परक्या बाईचा ओढून ताणून बदललेला फोटो. आयुष्यभर वॉर्डात राबलेली, फटकळ, मायाळू. 'अगं बायांनो, आधी माझं ऐका, मग हवं तर भांडा' अशी सुरुवात करणारी. हे वाक्य तिचं नव्हतं. सासूबाईंचं होतं. नर्सबाईंची सगळी बोलीच तिनं सासूबाईंच्या तोंडून उचलली होती — तो ठसका, ते मध्येच 'हो की नाही?' विचारणं — भाजी निवडता निवडता ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून नर्सबाईंच्या तोंडी घालायची. लोक अक्षरशः तुटून पडत. आणि सासूबाई? सासूबाई तर भक्तच. "ही बाई बघ, अगदी मनातलं बोलते माझ्या!" म्हणून फोन तिच्या नाकासमोर धरायच्या. तेव्हा ती हसायची. हसू खरंच यायचं, आणि हसता हसता तिरप्या नजरेनं बघायची — म्हातारीला कळलंय की काय? कळून मुद्दाम दाखवते की काय?

मागच्या आठवड्यात पाण्याचं काम आलं. शहरभर लोक ओरडत होते, नळाला घाण येते, पोरं आजारी पडतात. वरून निरोप आला, पाणी चांगलं आहे. नर्सबाईंनी लिहिलं, 'अगं बायांनो, मी थेट नळाचं पिते. उकळून उकळून पाण्यातला कस घालवता आणि मग टॉनिकच्या बाटल्या आणता, हो की नाही?' झक्क उतरलं होतं. टीम लीडरनं सगळ्यांना वाचून दाखवलं. आणि तेव्हा… नाही, तेव्हा तिच्या मनात सासूबाई आल्या नव्हत्या. किंवा आल्या होत्या, पण वाचणाऱ्या म्हणून नाही. बोलणाऱ्या म्हणून.

म्हणजे पातेलं…? छे. सासूबाई काय कुक्कुलं बाळ आहेत?

"हा व्हिडिओ सकाळपासून फिरतोय," टीम लीडर म्हणाला. नदीपलीकडच्या वस्तीतली एक बाई. मांडीवर पिवळ्या पाण्याची बाटली, मागं खाटेवर तिचा मुलगा, हाताला सलाईन. रडत नव्हती. नुसतं सांगत होती.

"पोरगं भाड्याचं आहे, एवढं पोचवायचं."

"आहे का पण खरंच?" नवीन लागलेल्या मुलीनं विचारलं.

"नीट बघा ना. काहीतरी सापडतंच."

हेच तर खरं. नीट बघितलं की सापडतंच. तिनं व्हिडिओ परत परत पाहिला, थांबवून, मोठा करून. बाई रडत का नाही? पोर आजारी असताना कुठली आई अशी सरळ बोलेल? बोटात अंगठी आहे, म्हणजे अगदीच गरीब नाही. उजेड एवढा स्वच्छ कसा? आणि पोरगं — पोरगं कॅमेऱ्याकडे बघतंय… पाच-दहा मिनिटांत तिची खात्रीच पटली. खात्री पटल्याशिवाय तिला लिहिताच यायचं नाही. बाकीच्या नुसतं ठोकून द्यायच्या, तिला आधी आतून संशय यावा लागायचा. आणि तो हल्ली फार पटकन यायचा. दूधवाल्याचा यायचा, शेजारणीच्या आजारपणाचा यायचा. नवरा रविवारी फोनवर "आठवण येते गं" म्हणाला की ती आधी त्याचा आवाज ऐकायची, मग शब्द.

नर्सबाईंनी लिहिलं, 'इतकी वर्षं सुया टोचल्या मी, सलाईन अशी लावतात होय? कुणी शिकवलं गं तुला हे नाटक?' सुई कशी लावतात ते तिला ओ की ठो माहीत नव्हतं. लोक तुटून पडले. त्या बाईला भाडोत्री म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. दुपारी बाईचं उत्तर आलं. 'ताई, तुम्ही नर्स आहात ना? मग या इथं. सुई चुकली असेल तर नीट लावून द्या.'

ती ते वाचत होती — ह्यात काय डाव आहे, ते शोधत होती — तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन वाजला. सासूबाई.

"अगं, छकुलीला शाळेतून घेऊन आलेय. दोनदा उलटी झाली. पोट दुखतंय म्हणते. तू काही घाबरू नकोस."

ती कशी घरी पोचली देव जाणे. चपलाही न काढता आधी स्वयंपाकघरात शिरली. पातेलं सकाळी होतं तसंच, पालथं.

"आई, खरं सांगा. पाणी उकळता का तुम्ही?"

सासूबाई एकदम चिडल्या. "नाही उकळत! आठवडा झाला. कस जातो त्यातला. तुझ्या-माझ्यापेक्षा नर्सबाईंना जास्त कळतं. उगाच वाद नको म्हणून तुला म्हटलं, उकळलंय."

"ती नर्स नाहीये, आई."

"तुला काय माहीत?"

बोलावं तर नोकरी गेली; नोकरीचं सोडा, या घरात पुन्हा मान वर करता येणार नाही. पण न बोलावं तर उद्या बाटली परत नळाखालीच भरली जाणार.

"ती मी आहे," ती म्हणाली. "आई, नर्सबाई म्हणजे मी. मीच लिहिते ते सगळं. तेच माझं काम आहे."

सासूबाई हसल्याच. "तू? अगं, तुला मेलीला चार वाक्यं धड बोलता येत नाहीत!"

तिनं पासवर्ड टाकून आपल्या फोनवर नर्सबाईंचं खातं उघडलं, आतून. हे बघा, लिहायची जागा. हे बघा, कालचं, परवाचं. हे पाण्याचं. सासूबाईंनी चष्मा लावला, निरखून पाहिलं, आणि त्यांचं तोंड हळूहळू कडू झालं.

"हल्ली काय, वाट्टेल ते बनवता येतं फोनवर. नर्सबाईंनीच सांगितलंय, असलं काही कुणी दाखवलं तर विश्वास ठेवू नका म्हणून." त्यांनी फोन परत केला. "एवढी जळतेस त्या बाईवर? माझं कुणी ऐकतं, तेही बघवत नाही तुला?"

तेही तिनंच लिहिलं होतं. बरोबर शब्द न् शब्द. तिला रडूही येईना, हसूही येईना. असं भिंतीवर डोकं आपटावं, नुसतं आपटावं, असं वाटलं.

"आई…" छकुली दारात उभी होती. दोन्ही हात पोटावर, तोंड उतरलेलं. "आई, खूप दुखतंय गं."

ती धावली, खाली वाकली, लेकीचं तोंड हातात धरलं — आणि बघायला लागली. हात उजवीकडे आहेत. आजीला बेंबीपाशी दुखतं म्हणाली असेल का? डोळ्यांत पाणी बोलल्यावर आलं, आधी नव्हतं. आणि बोलण्याआधी तिनं आजीकडे बघितलं. का बघितलं? उद्या शाळेत काही आहे का? नीट बघितलं की…

"तुला असं म्हणायला कुणी सांगितलं?"

कोण बोललं हे? सासूबाईंनी दचकून वर पाहिलं. आवाज तिचाच होता, नर्सबाईंचा नव्हता, ठसका नव्हता त्यात, साधा, थंड. छकुलीचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं, मग एकेक करून दोन्ही हात पोटावरून काढले आणि मागं नेले.

"नाही दुखत," ती म्हणाली.

तिनं लेकीला उचललं, पर्स घेतली, सासूबाईंना "दवाखान्यात नेते" एवढंच म्हणाली आणि जिना उतरायला लागली. अंग चटका बसेल इतकं तापलं होतं. मानेवर ऊन ऊन श्वास लागत होता, आणि छकुली कानाशी सारखं म्हणत होती, "आता नाही दुखत, आई, खरंच नाही दुखत." खोटं बोलतेय पोरगी. हे खोटं आहे आणि मघाचं खरं होतं, एवढं तिला लख्ख कळत होतं. पण खरं कळल्यावर काळजात जे हलायला हवं, पूर्वी नुसत्या एका शिंकेनं जे हलायचं, ते हलत नव्हतं. आणि ती लेकीला घट्ट, आणखी घट्ट धरून, ते हलायची वाट बघत उतरत राहिली.