समुद्रातला पिवळा ठिपका

"ह्यो दिवो खंयचो रे?" रुक्मिणीने कॉम्प्युटरच्या पडद्याला बोट टेकवलं. बोटाला सुक्या बांगड्याचा वास होता, पण निकेतने आईचा हात बाजूला केला नाही.

निकेत मोबाईलवरच्या गेमसाठी देखावे काढायचा. काम पुण्याच्या एका कंपनीचं. रंग सोळाच, आणि सगळं चित्र बारीक चौकोन भरत करायचं. गडद निळ्याशेजारी फिका निळा आलटून पालटून ठेवला की लांबून पाणी हलल्यासारखं दिसतं. तीन तपकिरी रंग विस्कटले की वाळू होते. "दारात समुद्र आसताना कॉम्प्युटरात कित्याक काढतंस?" असं अख्खं देवबाग गाव विचारून थकलं होतं.

या वेळचा देखावा घरामागच्या किनाऱ्याचा होता, तिन्हीसांजेचा. काळपट पाण्यात, पार क्षितिजाजवळ, एक पिवळा चौकोन पडला होता. माऊस घसरला होता, दुसरं काही नाही.

"तुझ्या बापाशीच्या होडयेर असोच दिवो आसायचो," रुक्मिणी म्हणाली. "ह्या बाजूनच येयत ते."

निकेतचा बाप गुणाजी सहा वर्षांपूर्वी वादळात गेला. होडीही मिळाली नाही, तोही नाही. होडी समुद्रात असेपर्यंत मागच्या दारी कंदील लावायचा, ही घरची रीत. रुक्मिणी तो अजून लावत होती. ठिपका चुकीचा आहे हे सांगायला निकेतची जीभ रेटेना. मग रोज कंदील लावून झाला की ती पडद्यासमोर येऊन बसू लागली. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून निकेतला भीती वाटायची.

पुण्याहून फोन आला. "समुद्रात एक पिवळा चौकोन राहिलाय. काढून टाका."

"सर, होडीचा दिवा आहे तो."

"कुणाला कळणार? घाण वाटतेय."

पुढची सगळी कामं याच चित्रावर अवलंबून होती. निकेतने चौकोन निळा केला आणि चित्र पाठवलं. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र आईसाठी जुनं चित्र तसंच ठेवलं. ही लपवाछपवी फार टिकली नाही. गेम बाहेर आला, आणि शेजारची भक्ती एके दुपारी कौतुकाने तो मोबाईलवर उघडून घेऊन आली. "काकी, बघ निकेतदादाचो समुद्र."

रुक्मिणीने मोबाईल जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

निकेत घरी आल्यावर तिने विचारलं, "दिवो तू पुसलंस?"

"होय. पण आये, तो दिवो न्हयच होतो गो. माझ्या हातान चुकान पडलेलो."

ती बराच वेळ सुक्या मासळीची पाटी नीट लावत राहिली.

"बरां केलंस," ती शेवटी म्हणाली. "माका ता जमला नसता."

बाहेर अंधारलं. मागचं दार नुसतंच उघडं होतं.

"आये, कंदील?"

"तेल सरला."

फळीवर घासलेटची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. शेजारी राखेने घासलेली कंदिलाची काच पालथी घातली होती. दाराजवळच्या रिकाम्या खिळ्याच्या वर, भिंतीला, काजळीचा डाग तेवढा राहिला होता.