व्हर्नाबाईंच्या पायाखालचं स्टूल

मी एक बुटकं स्टूल. बोलतोय ते अगदी जमिनीलगत, तेव्हा जरा वाकून ऐका.

ऑर्विलने मला अक्रोडाच्या एका उरलेल्या फळीतून केलं. त्याची बायको व्हर्ना, गावातल्या शाळेत दुसरीच्या बाई. त्या आमदार झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाल्या, "तिथल्या खुर्च्या धिप्पाड पुरुषांसाठी केल्यात. माझे पाय लोंबकळतात."

"राज्य चालवायला निघालीस आणि पाय टेकत नाहीत तुझे," ऑर्विल म्हणाला, आणि रंधा घेऊन बसला.

तेव्हापासून विधानसभेत बाईंच्या टेबलाखाली मी. तिथून चेहरे दिसत नाहीत. माणसं मी बुटांवरून ओळखतो. आमच्या राज्यात आमदाराला आठ वर्षं मिळतात. मग उठायचं, काम झालेलं असो नाहीतर नसो. त्यामुळे आजूबाजूचे बूट सारखे बदलत राहायचे. एकच जोड कधी बदलला नाही. तपकिरी, वर गोंडे लावलेला. तो आमदारांपैकी नव्हता, खतकंपन्यांची बाजू सांगायला यायचा. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं, म्हणून त्याला कुणी उठवतही नव्हतं.

एकदा टेबलाशी चिखलाने भरलेले कापडी बूट येऊन उभे राहिले. ती मार्नी, बाईंची जुनी विद्यार्थिनी.

"बाई, माझ्या तान्ह्या टेसाचे ओठ जांभळे पडले हो. विहिरीच्या पाण्यात दुधाची पावडर कालवत होते. मी तर दोनदा उकळायचे पाणी."

बाईंचे पाय माझ्यावर ताठ झाले. शेतातलं खत विहिरीत उतरलं होतं. उकळून ते जात नाही, उलट पाण्यात दाट होतं.

"वाचली, पण मला कुणी सांगितलंच नव्हतं, बाई. कोणत्या आईला ठाऊक असतं हे?"

बाईंनी कायदा लिहायला घेतला. विहिरीजवळ खत टाकायचं नाही आणि प्रत्येक विहीर तपासायची, एवढंच त्यात होतं. पण पाण्याच्या समितीचा अध्यक्ष तो दाबून बसला. गोंडेवाले बूट त्याच्या टेबलाशी बराच वेळ रेंगाळायचे. असं करता करता बाईंचं शेवटचं वर्ष लागलं, अध्यक्षाचंही.

त्याच वर्षी मे महिन्यात मतदान आलं. आठ वर्षांची बारा करायची का, असं लोकांना विचारलं होतं. केली तर नोव्हेंबरात बाई पुन्हा उभ्या राहू शकत होत्या आणि कायदा तडीला जाण्याची आशा होती.

"घरोघर जा की, सांग लोकांना," बाईंना न्यायला आलेला ऑर्विल म्हणाला.

"स्वतःच्या खुर्चीसाठी मत मागू? मला नाही जमायचं ते."

बाई गेल्या नाहीत. आठची आठच राहिली.

दुसऱ्या दिवशी मार्नी आली. पाऊल हलकं पडत होतं तिचं.

"बाई, मी 'नाही'वर खूण करून आले. माझ्या सासूलाही करायला लावली. आता तो मेला अध्यक्ष जातोय घरी."

"जातोय," बाई म्हणाल्या. "मीही जातेय, मार्नी."

"तुम्ही कशा? तुम्ही तर आपल्या."

"त्यात आपलं-परकं नसतं गं."

मार्नीच्या एका बुटाची लेस सुटलेली होती. ती बांधायला ती खाली वाकली आणि तशीच बसून राहिली. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढचे महिने बाईंनी खूप खटपट केली. अध्यक्षाने फक्त दिवस काढले. डिसेंबरात बाई आवराआवर करत असताना त्यांच्या जागी निवडून आलेला नवा मुलगा आपली जागा बघायला आला. बुटाच्या तळव्याला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. मागोमाग गोंडे आले.

"काही अडलं तर मला विचारा. मी इथलाच."

"हे विहिरींचं काय प्रकरण आहे?" मुलाने विचारलं.

"जुनं आहे. सावकाश बघा."

बाईंनी मला काखोटीला मारलं आणि परतताना मार्नीकडे दिलं. "टेसाचा हात सिंकपर्यंत पोचत नसेल. दात घासायला होईल."

आता मी मार्नीच्या स्वयंपाकघरात असतो. नळाला अजून विहिरीचंच पाणी येतं, म्हणून तिने त्याला लाल फडकं बांधलंय. प्यायचं पाणी शहरातून जारने येतं. या जानेवारीत तिला मुलगा झाला. रात्रीची झोप नाही, दिवसाची नाही. जार आणायला ती अंगणात गाडीकडे जाते, तेवढ्यात बाळ रडायला लागतं.

टेसा शहाणी मुलगी आहे. आईला मदत करते. फडक्याची गाठ तिला सोडता येऊ लागलीय. आत्ताही ती बाळाची बाटली हातात घेऊन माझ्यावर चढलीय. मला हलता येत नाही.

कुणीतरी या आणि मला इथून उचला.