दक्षिणेचा कठडा

आप्पा गेल्यापासून अनुजा गच्चीवर गेली नव्हती. दर शनिवारी ती पुण्याहून गावी, मंगळवार पेठेतल्या घरी यायची, आईजवळ बसायची आणि रविवारी परत जायची. गच्चीचा जिना मात्र टाळायची. वर आप्पांची बारा सोलर पॅनेलं होती.

आप्पा सूर्य मावळायच्या आत जेवायचे. ताट पुढं आलं की आधी एक आकडा सांगायचे. "आज अठरा." म्हणजे दिवसभरात गच्चीवर अठरा युनिट वीज तयार झाली. मग पहिला घास. "अंधार पडला की माझं आन् पॅनेलचं, दोघांचं तोंड बंद," असं म्हणून स्वतःच हसायचे. ढगाळ दिवशी "आज सात" म्हणताना मात्र घरातलं कुणीतरी नापास झाल्यासारखा चेहरा करायचे.

ते गेले आणि आकडा चारवर आला. आकाशात ढग नव्हता, पौषातलं ऊन चांगलं कडक होतं, तरी रोज चार, फार तर पाच. गल्लीनं निकाल लावून टाकला की मालकाबरोबर मशीनही गेलं. आप्पांचे धाकटे भाऊ जिनेंद्रकाका शेजारच्याच खोल्यांत राहायचे. त्यांना तो निकाल लगेच पटला. भांड्यांच्या दुकानातला माल ठेवायला त्यांना गच्चीवर पत्र्याची शेड हवी होती.

"आनू, रविवारी बाळासो येतोय," ते फोनवर म्हणाले. "पॅनेलं उतरवून टाकू. मेलेलं मशीन डोक्यावर कशाला?"

"मेलंय कशावरनं?"

"आगं, रक्षाविसर्जनाच्या दिवसापासनं चार युनिट! कंपनीच्या माणसाला फोन केलता की. इन्व्हर्टर गेला असंल म्हणाला."

"असंल म्हणाला. येऊन बघितलं का त्यानं?"

"तू पुस्तकं लई वाचतीस, त्याचा ह्यो त्रास हाय," म्हणून काकांनी फोन ठेवला.

रविवारी अकराच्या सुमारास शेडचं काम करणारा बाळासो पाने-पकडी घेऊन आला आणि काकांबरोबर वर गेला. अनुजा स्वयंपाकघरात आईसमोर मेथी निवडत बसली होती. थोड्या वेळानं वरून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. आईनं मान वर केली नाही.

"तू जाणार नसशील तर मी जाते," ती म्हणाली.

आईचे गुडघे जिना चढण्यासारखे राहिले नव्हते. अनुजानं हातातली मेथी खाली ठेवली.

गच्चीत पाऊल टाकल्यावर तिला पहिल्यांदा जाणवली ती सावली. रस्त्याच्या बाजूला, दक्षिणेच्या कठड्यावर, काकांनी लावलेला डिजिटल बोर्ड उभा होता. बारा फूट रुंद, आठ फूट उंच. गल्लीतून तो तिनं पाहिला होता, म्हणजे पाहायचं टाळलं होतं: भावपूर्ण श्रद्धांजली, फेटा बांधलेले आप्पा, खाली काकांचा फोटो आणि तालमीतल्या पंचवीसेक जणांची नावं. इथून त्याची पाठ दिसत होती. पाठीमागून ऊन आल्यामुळं आप्पांचा चेहरा कापडातून उलटा उमटला होता, फेट्याचा तुरा भलत्याच बाजूला. बोर्डाची सावली पॅनेलच्या पुढच्या अख्ख्या रांगेवर पडली होती.

तिला आठवलं. आईच्या कपड्यांची दोरी आप्पांनी याच कठड्यावरून काढून उत्तरेला बांधली होती. आईनं चार दिवस अबोला धरला होता. "माळेतल्या एका पॅनेलवर सावली पडली की सगळी अडत्यात," ते तिला समजावत होते, "एका साडीनं माझा दिवस खाल्ला."

"काका, हा बोर्ड कधी लावला?"

"रक्षाविसर्जनाला. तुझ्यासमोरच की."

बाळासो पहिल्या पॅनेलचा बोल्ट सैल करत होता.

"बाळासो, पाना ठेवा खाली. पक्कड द्या मला."

त्यानं काकांकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि पक्कड दिली. तिनं कठड्याला बांधलेली पहिली तार तोडली. बोर्ड कुरकुरला.

"आनू! हात लावू नकोस!" काका पुढं आले. "दोन तास बसून फोटो निवडलाय मी. माझा भाऊ हाय त्यो!" शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फुटला.

तिचा हात क्षणभर थांबला.

"माझा बाप आहे," ती म्हणाली आणि दुसरी तार तोडली.

समोरच्या गॅलरीतून गणपतराव ओरडले, "आगं ए पोरी! बापाचा बोर्ड उतरिवतीस? काय जनाची न्हाय तर मनाची?"

"व्हय, उतरवतेय! मोकळे असला तर धरू लागायला या!"

गणपतराव आत गेले. बाळासोनं दुसरी बाजू धरली. दोघांनी बोर्ड आतल्या बाजूला घेऊन सावकाश आडवा केला, आप्पांचा चेहरा आकाशाकडं करून. त्यांच्या गालावर धूळ बसली होती. अनुजानं ओढणीनं ती पुसली.

मग तिनं काकांचा हात धरून त्यांना जिन्यापाशी, इन्व्हर्टरसमोर नेलं. साडेचारशे वॅटवर रेंगाळणारा आकडा चढत होता. हजार. दोन हजार. दोन हजार नऊशे.

बाळासो काकांच्या खांद्यावरून डोकावला. "मालक, मशीन जित्तं हाय की ओ. तुमीच त्येच्या तोंडावर चादर टाकलीसा."

"तू गप ए," काका म्हणाले. त्यांनी वाकून आकडा पुन्हा वाचला. "म्हणून काय दादाचा फोटो काढायचा?"

"फोटो दुकानात लावा. शेड बांधायची तर उत्तरेला बांधा, दोरीच्या पलीकडं. दक्षिणेच्या कठड्यावर काही लागणार नाही, काका. मी पुण्यात असले तरी लागणार नाही."

काका खाली गेले. बाळासोनं सैल केलेला बोल्ट तिच्यासमोर पुन्हा आवळला.

त्या रविवारी ती पुण्याला गेली नाही. ऊन उतरल्यावर आईनं ताटं वाढली. अनुजा जिन्यात जाऊन इन्व्हर्टर बघून आली आणि बसणार एवढ्यात दारात काका दिसले. आत आले नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले.

"किती?"

"आज बारा."

"एवढंच?"

"सकाळ तुमच्या बोर्डाखाली गेली," अनुजा म्हणाली.

आईनं तिसरं ताट घेतलं. "भावजी, बसा लवकर. दिवस मावळतोय."