वीस टक्क्यांची पाठ

हवालदारांची पाठ फक्त वीस टक्के निकामी आहे, असं लष्कराचं पत्र आलं आणि त्यांच्या बायकोचं डोकं शंभर टक्के फिरलं. बाई घरीच शिलाईचं काम करायच्या. हातातली कात्री आपटत त्या म्हणाल्या, "वीस? अहो, तुम्हाला साधा मोजा चढवता येत नाही! बारा वर्षं रोज सकाळी मी खाली बसून चढवते. हे वीस टक्के कुठल्या गाढवानं मोजले?"

खरं सांगायचं तर त्या बिचाऱ्या गाढवाचा काही दोष नव्हता. हवालदारांनी बावीस वर्षं लष्कराचा ट्रक चालवला होता आणि खड्डे खाऊन खाऊन पाठीचा पार खुळखुळा झाला होता. पण तपासणीच्या खोलीत गणवेशातले डॉक्टर शिरले, "कसं काय, हवालदार?" म्हणाले, आणि हा पठ्ठ्या टाचा आपटून उभा! "एकदम ठणठणीत, साहेब!" आता डॉक्टर तरी काय करणार? वीस दिले हेच उपकार म्हणायचे. त्या टाचा आपटण्यापायी पुढचे तीन दिवस बाईंना गरम पाण्याची पिशवी धरून बसावं लागलं, ते वेगळंच.

तिसाच्या वर टक्के मिळाले असते, तर लष्करी दवाखान्यात पाठीवर नीट उपचार झाले असते. अपील करायची मुदत आज संपत होती. अर्ज शिलाई मशीनवर पडून होता आणि हवालदार काही केल्या सही करेनात.

"साहेबांपुढं जाऊन रडगाणं गाऊ? माझ्याच्यानं नाही व्हायचं. आणि परत विचारलं की तोंडातून परत तेच निघणार."

"मग सराव करू!" बाईंनी कपाटावरची त्यांची जुनी टोपी काढली, स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि आवाज जाड केला. "कसं काय, हवालदार?"

खाट्! खुर्चीतला माणूस उभा. "एकदम ठणठणीत, साहेब!"

"अहो, मी आहे मी!"

"टोपी दिसली की होतंच गं ते."

बाईंनी टोपी काढली. हवालदार कंबर धरून "आई गं" करत बसले. टोपी घातली, उभे. काढली, बसले. मध्येच बाईंनी त्यांना वाकायला लावून गळ्यातल्या टेपनं मोजलंसुद्धा. बोटं आणि फरशी यांच्यात एकोणीस इंचांचं अंतर. तरी टोपी चढली की गडी ठणठणीत! सहाव्या वेळी टाचा जुळल्या, पाठीत कट् झालं आणि हवालदार सरळ फरशीवर आडवे.

"अगं बाई! कुठं दुखतंय?" बाई घाबरून त्यांच्यावर वाकल्या. टोपी तशीच डोक्यावर.

हवालदारांनी सवयीनं ताठ व्हायची धडपड केली. पण आडवा पडलेला माणूस टाचा आपटणार कशावर? शेवटी टोपीकडे बघत ते बोलायला लागले.

"कंबरेत, साहेब. डाव्या पायात उतरतं. कूस बदलता येत नाही. मोजा बायको घालते. ती खाली बसते तेव्हा तिचे गुडघे वाजतात, साहेब. मला ऐकू येतं. ती सांगत नाही. पाठीचं काय, चालतंय. त्या गुडघ्यांपुढं लाज वाटते."

बाईंना रडूच फुटलं. इतकी वर्षं त्या गुडघे लपवत होत्या आणि या माणसाला सगळं ठाऊक होतं.

मग पदरानं डोळे पुसून त्यांनी अर्ज खाली ओढला. 'विशेष विनंती' या रकान्यात लिहिलं: 'अर्जदारास आधी आडवे झोपवावे, प्रश्न नंतर विचारावेत.' हवालदारांनी झोपल्या झोपल्याच सही केली. तिरकी आली, पण आली.

"आता उठव मला."

बाई हात द्यायला खाली बसल्या. कट्.

"गुडघा कसा आहे गं?"

"ठणठणीत," बाई म्हणाल्या.

हवालदारांनी कण्हत कण्हत थोडं सरकून फरशीवर जागा केली. "आधी आडवी हो. मग सांग."