डाव्या चाकाचा आवाज

डिझेलमध्ये धुतलेले बेअरिंग पोपटने फडक्याने पुसले, करंगळीत अडकवले आणि फिरवले. ते फिरतच राहिले. खरखर नव्हती, अडखळ नव्हती. उन्हाकडे धरून त्याने आतले छर्रे फिरतात ती वाट निरखली. तिच्यावर एक डागही नव्हता. वरसे गावातल्या आपल्या अंगणात, जॅकवर उचललेल्या मोटारीशेजारी पोते अंथरून बसलेला तो निवृत्त फिटर त्या निर्दोष वस्तूकडे असा पाहत राहिला, की जणू तिने त्याचा अपमान केला होता.

मोटार मुलीची, सुरभीची. तिच्यातून ती रोज नागोठण्याला दवाखान्यात नोकरीवर जाई. गेले पंधरा दिवस मागच्या एका चाकातून घरघर येत होती. आवाज डावीकडून येतो, असे सुरभीचे म्हणणे. पोपट डोळे मिटून खांब गावापर्यंत गाडीत बसून गेला, परत आला, आणि त्याने निकाल दिला : उजवे. सुरभीने वाद घातला, तेव्हा तो एवढेच म्हणाला होता, "तीस वर्षं पंप ऐकलेत मी. तू मला बेअरिंग नको शिकवू."

ही बढाई नव्हती. कंपनीत त्याच्या कानाला मान होता. लांब पेचकसाचे टोक चालत्या पंपावर टेकवायचे, मूठ डाव्या कानाला लावायची आणि उजव्या हाताने पाटीवर शेरा लिहायचा, ही त्याची पद्धत. पोपटने ऐकले म्हटल्यावर साहेबही दुसरा प्रश्न विचारीत नसत.

जनूच्या पंपाबाबतही कोणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. जनू पेणकडच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. कंपनीत पंपावर त्याची दुसरी शिफ्ट असे. गेल्या वर्षी एका दुपारी पोपटने तो पंप ऐकला आणि पाटीवर 'ठीक' लिहिले. संध्याकाळी पंप जाम होऊन फुटला, आतले उकळते रसायन जनूच्या अंगावर आले आणि चौथ्या दिवशी तो गेला. बेअरिंग जळून गोळा झाले होते. ते आधीच खराब होते की पंप कोरडा, आत द्रव नसताना, चालवल्याने जळले, हे त्या गोळ्यावरून कळण्यासारखे नव्हते. चौकशीत पोपटला विचारले गेले. पंप ठीक होता, असे त्याने सांगितले आणि खाली सही केली. मग उरला जनू. पंप कोरडा चालवला, हा ठपका त्या मेलेल्या माणसावर लागला.

बाराव्याला जनूची बायको धोंडूबाई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली होती. "भावजी, तुमी आयकला व्हता ना पंप?" पोपटने मान हलवली होती. ऐकला होता. ठीक होता.

उद्या जनूचे वर्षश्राद्ध होते. त्यासाठीच आज गाडी दुरुस्त व्हायला हवी होती.

पोपट उठला. उजव्या बाजूला ठोकळे लावून त्याने जॅक डावीकडे सरकवला, चाक उचलले, डावा तळहात आतल्या स्प्रिंगवर टेकवला आणि उजव्या हाताने चाक फिरवले. हे त्याने आधीच करायला हवे होते. पण कानावर विसंबणाऱ्याला हात आठवत नाही. स्प्रिंगमधून वाळू दळल्यासारखी थरथर त्याच्या तळहातात आली. कानात मात्र पुसट गुणगुण होती आणि तीही उजवीकडून, जिथे कुंपणाच्या भिंतीवाचून काही नव्हते.

सुरभी पायरीवर उभी होती.

"तुला ऐकू येतंय तिथे?"

"स्वच्छ येतंय, बाबा."

त्याने चाक थांबवले. "तुझी आई नेहमी माझ्या उजव्या बाजूलाच का बसते गं?"

सुरभी पदराशी चाळा करीत राहिली. मग म्हणाली, "डावीकडून हाक मारली तर तुम्ही वळत नाय. आई म्हणाली, बोलायचं नाय, त्यांना लागेल."

"किती दिवस?"

"दोन वर्षं तरी झाली असतील."

नवे बेअरिंग त्याने डाव्या चाकात बसवले, काढलेले जुने बेअरिंग ग्रीस भरून पुन्हा उजव्यात घातले. बाहेरच्या कड्यावर हलके, सारखे घाव देत, कुठेही घाई न करता. काम संपल्यावर गाडी रस्त्यावर फिरवून आणायला त्याने सुरभीला पाठवले. ती परतल्यावर आवाज गेला का, हे त्याने तिलाच विचारले.

दुसऱ्या दिवशी पेणच्या पलीकडे जनूच्या ओटीवर तो पोचला, तेव्हा अंगणात पंगत बसली होती. धोंडूबाई येऊन त्याच्या डाव्या हाताला टेकली.

"वहिनी, या बाजूला या. तो कान गेलाय माझा."

ती उठून उजवीकडे आली.

"कधी गेला?"

"जनू होता तेव्हाच गेला होता. मला ठाऊक नव्हतं. पंप ठीक होता म्हणालो, पण मला काही ऐकूच आलं नव्हतं. जनूवर ठपका आला तो माझ्या शब्दामुळे."

धोंडूबाईने कपाळावरचा पदर पुढे ओढला. मग विचारले, "लिवून द्याल?"

"देतो."

तिने लेकीच्या, मनस्वीच्या वहीतला कागद फाडून आणला. पोपटने गुडघ्यावर पाट घेतला आणि नाव, हुद्दा, तारीख घालून सावकाश लिहिले. नखांत रुतलेले ग्रीस साबणाने निघाले नव्हते. कागदाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा डाग उमटला.

"दुसरा कागद देव?"

"नको." त्या डागाशेजारीच त्याने सही केली.

धोंडूबाईने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि त्याला परत दिला. "मना वाचता येत नाय. तुमीच वाचा. अंगणात जाईल असा वाचा."

पोपट उभा राहिला. कमी ऐकणारी माणसे बोलतात तशा चढ्या आवाजात तो वाचू लागला. पंगतीतले हात एकेक करून पानावरच थांबले.