ठिपकीचा दुसरा जन्म

मित्रांनो, मी एक म्हातारी गावठी कोंबडी आहे. माझं नाव ठिपकी. पाठीवर मधोमध पिसं नाहीत आणि मी डाव्या पायाने जराशी लंगडते. त्यामुळे नवीन कुणी आलं की विचारतं, "हिला काय झालं हो?" मग आमच्या वनमालाकाकी हातातलं काम टाकून सांगायला बसतात. आज मीच सांगते, कारण सांगताना अजूनही माझ्या अंगावरची उरलीसुरली पिसं फुलतात!

मरोळच्या टोकाला, जिथून आरेची झाडी सुरू होते, तिथल्या बैठ्या चाळीत आमचं घर आहे. काकींचे यजमान दशरथकाका छापखान्यात कामाला. त्यांची मुलगी मानसी अंधेरीच्या एका ऑफिसात जाते. काकींनी मला मालवणहून टोपलीतून आणलं, तेव्हा मी मूठभर पिल्लू होते. मोठी झाल्यावर मी रोज अंडं द्यायची आणि काकी शेजारणींना कौतुकाने दाखवायच्या. मानसीला मात्र माझा मनस्वी कंटाळा. मी तिच्या ऑफिसच्या चपलांवर घाण करायची ना!

त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच अंड्यांवर बसले. पिल्लं बाहेर यायला थोडेच दिवस राहिले होते. एका रविवारी दुपारी सगळे जेवून लवंडले होते आणि खुराड्याची कडी लावायची राहून गेली. दाराच्या फटीतून एक टोकदार तोंड आत आलं. मुंगूस!

बाकीच्या कोंबड्या फडफडत बाहेर पळाल्या. मी कुठे पळणार? माझ्या पोटाखाली अंडी होती. त्याने एक अंडं ओढलं आणि मी त्याच्या डोळ्यावर चोच हाणली. मग त्याने माझी पाठच धरली. दातांनी कातडं फाटलं, पाय मुरगळला, तरी मी ओरडत राहिले. काकी खराटा घेऊन धावल्या. "मेल्या, सोड तिका!" खराट्याचा फटका बसला तसं ते झाडीत पसार झालं.

मला अंगणात ठेवून काकी पाणी आणायला आत वळल्या. तेवढ्यात काय व्हावं? माझ्याच मैत्रिणी जमल्या आणि पाठीवरच्या लाल जखमेवर टोचू लागल्या. कोंबड्यांची ही खोड फार वाईट. रक्त दिसलं की आपलं-परकं कळत नाही.

तेव्हा मला ज्या हातांनी उचललं, ते मानसीचे होते. तिने स्वतःच्या नव्या ओढणीत मला गुंडाळलं.

दशरथकाका डोळे चोळत बाहेर आले. मला पाहून म्हणाले, "ही काय आता वाचाची नाय. उगीच हाल कित्याक? सागोती करूया."

"बाबा! अंडी सोडून पळाली नाही ती. आणि तुम्हाला तिचं कालवण सुचतंय?"

काकी म्हणाल्या, "जीव आसा अजून तिच्यात. जा गे तू, डॉक्टरकडे ने."

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "ताई, कोंबडी घेऊन दवाखान्यात?"

"हो! जरा जोरात घ्या ना!" मानसी ओरडली, आणि रिक्षा अशी सुटली म्हणता!

दवाखान्यात सगळी कुत्री-मांजरं. डॉक्टर श्वेतांनी मात्र मला त्यांच्याइतक्याच काळजीने तपासलं. जखम धुतली, टाके घातले, औषध दिलं. म्हणाल्या, "हिला उबेत आणि इतर कोंबड्यांपासून लांब ठेव. जखमेवर माशी बसू देऊ नकोस. आणि पाणी घशात ओतायचं नाही हं, चोचीला थेंब लाव, ती स्वतः पिईल. पण ती खाऊ लागली तरच काही खरं."

घरी येऊन पाहते तर काय! स्वयंपाकघरात एका खोक्यात माझी उरलेली अंडी, वर पिवळा बल्ब, शेजारी पाण्याची वाटी. "हे कुणी केलं?" मानसीने विचारलं. काकी हसून म्हणाल्या, "तुझ्या बापाशीन. हल्ली पिवळे बल्ब मिळतत खंय? सगळो बाजार पालथो घातल्यानी."

मला दुसऱ्या खोक्यात मऊ लुगड्यावर ठेवलं आणि वर ताटावर झाकायची जाळी घातली. पण मी खाईना. कण्या नकोत, भिजवलेला पाव नको. मान टाकून पडून राहिले. मानसी ऑफिसातून पुन्हा पुन्हा फोन करायची, "खाल्लं का गं तिने?" शेवटी काकांनी तळहातावर सुका जवळा घेतला आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. "खा गे बाय. माझी चूक झाली."

त्या सुक्या मासळीच्या वासाने माझी मान वर झाली. मी एक जवळा टिपला. मग दुसरा! काका ओरडले, "खाल्ल्यान! खाल्ल्यान!" अख्खी चाळ दारात गोळा झाली.

आणि एका सकाळी पलीकडच्या खोक्यातून आवाज आला. इतका बारीक, की माणसांना ऐकूच गेला नाही. अंड्याच्या आतून कुणीतरी मला हाक मारत होतं! मी दुखरा पाय रोवला, पडले, पुन्हा रोवला, आणि जाळीसकट उभी राहिले.

"आई, ठिपकी उभी राहिली! बाबा, लवकर या!" मानसी अर्धी वेणी तशीच सोडून धावली. तिने मला उचलून अंड्यांजवळ ठेवलं. टक्, टक्. कवचाला तडा गेला. मी आतल्या बाळाशी बोलत राहिले आणि ती तिघं श्वास रोखून पाहत राहिली. एक ओलं, वाकडंतिकडं पिल्लू बाहेर पडलं आणि धडपडत थेट माझ्या पंखाखाली शिरलं. ऑफिसची वेळ टळून गेली तरी मानसी तिथून हलली नाही. हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मित्रांनो, आता मी अंडी देत नाही. तरी मला कुणी घराबाहेर काढलेलं नाही. तुम्हालाही कधी रस्त्यात एखादा घायाळ पक्षी दिसेल. 'हा काय वाचतोय' असं लगेच ठरवू नका. आधी त्याला ऊब द्या, शांत जागा द्या, डॉक्टरकडे न्या. वाचायचं की नाही ते मग त्याचं त्याला ठरवू द्या. आमचा जीव लहान असतो, पण जगायची हौस फार मोठी असते!

बरं, आता मला उठलंच पाहिजे. वर घार घिरट्या घालतेय आणि अंगणात माझी नातवंडं उघड्यावर खेळताहेत. लंगडत का होईना, मी पोचते बघा!