लसीच्या रांगेत मान मोठ्यांचा

ओश शहराच्या बाजारात एशिमबेक कसायाचा सुरा बघून आडदांड बैल गपगार व्हायचे, पण सुई दिसली की एशिमबेकच दाराकडे पळायचा. हजला जायचं तर मेंदूज्वराची लस घ्यायलाच हवी होती आणि आज शेवटचा दिवस होता. लसीचा शिक्का नाही तर विमान नाही.

दवाखान्याच्या रांगेत गड्याने नामी युक्ती काढली. मोठ्यांना आधी वाट द्यायची, हा तर आपला रिवाजच!

"या अकसकाल, तुम्ही वडीलधारे, आधी तुम्ही!" असं म्हणत त्याने एकेक म्हातारा पुढे सरकवला. म्हातारे दुआ देत आत गेले आणि टोचून घेऊन बाकावर बसले. दुपारी रांगेत उरले दोघंच, तो आणि त्याची बायको बुरमा.

"चला चाचा, आता तुम्हीच मोठे," नर्स गुलाइम म्हणाली.

"मी कुठला मोठा? ही माझ्याहून चांगली तीन वर्षांनी मोठी आहे!"

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. चाळीस वर्षं बुरमाने ही गोष्ट सुनांनासुद्धा कळू दिली नव्हती. तिने शांतपणे दंड पुढे केला, टोचून घेतलं आणि बाही खाली ओढत ती गुलाइमला म्हणाली, "पोरी, ह्यांची सुई माझ्याकडे दे. मी मोठी ना? मग मीच टोचते."

एशिमबेक एका उडीत गुलाइमसमोरच्या खुर्चीत जाऊन बसला.

"टोच गं माझे आई! तिच्या हातात सुई जायच्या आत टोच!"